डोलनच्या दारापुढची जागा

"पाईप फुटला असेल," गिर्माय म्हणाला.

समोर आमची गाडी उभी होती, टपापासून चाकांपर्यंत बर्फात गोठलेली. वरून पडतो तो भुसभुशीत बर्फ नव्हे. तो शिकागोत हिवाळाभर सगळ्यांच्याच गाड्यांवर असतो. हा पाण्याचा बर्फ होता, बोटभर जाड, आरपार दिसणारा. दाराची मूठ दिसत होती, पण हाताला लागत नव्हती. चाकं रस्त्याला चिकटली होती.

"कुठला पाईप? भर रस्त्यात पाईप आला कुठून?"

"मग बंबवाल्यांचा नळ असेल."

"तो कोपऱ्यावर आहे. आणि पुढची गाडी कोरडी, मागची गाडी कोरडी. पाण्याला काय आपलीच गाडी सापडली?"

गिर्माय खाली वाकून चाक बघायला लागला. त्याचं हे असंच. कुणी याच्या पायावर पाय दिला तरी हा आधी स्वतःचा पाय काढून घेणार आणि वर त्यालाच विचारणार, 'लागलं का?' विमानतळावर लोकांच्या व्हीलचेअर ढकलून ढकलून त्याचा आवाजसुद्धा तसाच झालाय, मागून येणारा, हळू. मी हॉटेलात खोल्या आवरते. माझा आवाज तसा नाही.

मग त्याच्याच लक्षात आलं. "लेते, गाडी इथे कशी?"

खरंच की. आमची जागा थोडी मागे, आम्ही राहतो त्या ओनाबाईंच्या इमारतीसमोर. तिथे कुणाचा तरी लाल ट्रक उभा होता. आमची गाडी शेजारच्या डोलनच्या दारापुढे होती, आणि डोलनच्या दोन घडीच्या खुर्च्या, त्यांच्यावर आडवी ठेवलेली झाडूची काठी, सगळं फुटपाथवरच्या ढिगात फेकलेलं होतं.

मी आधी डोलनच्या खिडकीकडे बघितलं.

आमच्या गल्लीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. बर्फ पडला की जो कंबर मोडून गाडीपुरती जागा उकरतो, ती जागा बर्फ वितळेपर्यंत त्याची. गाडी काढली की तिथे खुर्ची ठेवून जायचं. कुणी इस्त्रीचं टेबल ठेवतो, एकाने तर पोराची जुनी ढकलगाडी ठेवली होती. कायद्यात हे कुठेही नाही, पण कायद्यापेक्षा ही खुर्ची जास्त पाळली जाते. ती हलवून दुसऱ्याच्या जागेत गाडी घालणारा माणूस गल्लीच्या लेखी चोर. मग त्याच्या टायरमधली हवा जाते, नाहीतर कुणीतरी पाण्याची नळी सोडतं आणि सकाळपर्यंत थंडी उरलेलं काम करते. पोलीस येतात, बघतात आणि जातात.

पहिल्या हिवाळ्यात गिर्मायला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या मायदेशी, अस्मारा शहरात, रस्त्यावर खुर्च्या मांडल्या की समजायचं, त्या घरात कुणीतरी गेलं. डोलनच्या दारापुढे खुर्च्या बघून हा कोट घालून, साखरेचा पुडा घेऊन सांत्वनाला गेला. दार उघडलं खुद्द डोलननेच, चांगला धडधाकट. "कोण गेलं?" याने खालच्या आवाजात विचारलं. डोलनने बायकोकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे बघितलं, आणि जो हसत सुटला तो तिथेच पायरीवर बसला. महिनाभर गल्लीला तेवढीच गोष्ट पुरली. पण त्या दिवसापासून तो गिर्मायला नावाने हाक मारायला लागला. निवृत्त बंबवाला, तिसरी पिढी याच गल्लीत. डोलन ज्याला नावाने हाक मारतो त्याच्याकडे बाकीचेही मान हलवतात. गिर्मायला त्याचं केवढं अप्रूप होतं!

"काल गाडी कुणाकडे होती?" मी विचारलं. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गाडी एफ्राईनकडे होती.

एफ्राईन आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. मधल्या मजल्यावर मालकीणबाई ओना, आणि तळघरात आम्ही. एफ्राईन मेक्सिकोचा, लोकांच्या घरात फरश्या बसवतो. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचा पलंग जिन्यात अडकला होता, तेव्हा हाच धावत खाली आला आणि म्हणाला, "तिरका धर, भावा, तिरका." तेव्हापासून भाऊच. "तू बाहेरचा, मी बाहेरचा, आपण दोघांनी एकमेकांना धरून राहायचं," हे तो इतक्या वेळा म्हणायचा की आमची लेक सेमहार त्याची नक्कल करायची. काल संध्याकाळी त्याच्या सासूच्या, म्हणजे बायको मारिबेलच्या आईच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याची गाडी सुरू होईना. तो खाली आला, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गिर्मायने किल्ली त्याच्या हातात ठेवली होती. सकाळी किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवलेली सापडली.

आम्ही वर गेलो. एफ्राईनने दार उघडलं.

"सासूबाई कशा आहेत?" गिर्मायने आधी हेच विचारलं. मी कपाळाला हात लावला.

"बऱ्या आहेत. गॅस झाला होता म्हणाले. घरी आणलं." मग त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं, खिडकीशी जाऊन बघितलं, आणि डोकं धरून खुर्चीत बसला. "अरे देवा. अरे देवा रे."

"काय झालं होतं?"

"मारिबेलचा भाऊ धावत आला ना काल, त्याने नेमका तुझ्या जागेत ट्रक लावला. म्हातारी गाडीत कण्हतेय, तिला घेऊन मी किती फिरू? म्हटलं, तासाभरात काढतो. बसल्या बसल्या डोळा लागला, भावा."

"खुर्ची डोलनची होती, एफ्राईन," मी म्हणाले. "तुला वीस वर्षं झाली या गल्लीत. डोलनची खुर्ची तू हलवलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला त्याच क्षणी कळलं. स्वतःची गाडी असती तर हा खुर्चीला बोट लावता ना. गाडी दुसऱ्याची होती म्हणून हिंमत झाली.

"मी सांगतो डोलनला," तो गिर्मायला म्हणाला. "मीच सांगणार, दुसरं कोण? पण आज नको. मेहुण्याकडे इथे राहायचे कागद नाहीत, तुला ठाऊक आहे. डोलन आत्ता तापलेला. त्याने पोलीस बोलावले, ट्रक कुणाचा, माणूस कोण असं सुरू झालं, तर त्याचं काय होईल? मला थोडी सवड दे. रविवारी ओनाबाईंच्या वाढदिवसाला सगळे असतील, डोलन असेल, ओनाबाईंचा मुलगा व्हिटास असेल. सगळ्यांसमोर मी स्वतः सांगतो. तोवर तू काही बोलू नकोस."

"नाही बोलत."

"शब्द?"

"शब्द," गिर्माय म्हणाला.

जिना उतरताना मी त्याच्यावर तुटून पडले. "डोकं फिरलंय का तुझं? रविवारी व्हिटास कशाला येतोय माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं! गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ओनाबाईंना आता जिने चढवत नव्हते, उन्हाळ्याआधी त्या मुलाकडे राहायला जाणार होत्या. नाताळात त्यांनी गिर्मायचा हात धरून सांगितलं होतं, "पोरा, हे घर मी तुलाच देणार. दलाल नको, पाटी नको. तू माझे जिने साफ ठेवलेस, माझा मुलगा वर्षातून दोनदा येतो." लहानपणी युद्धातून पळून त्या लिथुआनियाहून इथे आल्या होत्या. आम्हाला कुणी जागा देत नव्हतं तेव्हा त्यांनी तळघर दिलं ते म्हणूनच. नऊ वर्षं आम्ही त्या तळघराच्या खिडकीतून लोकांचे पाय बघत होतो. सेमहार बारा वर्षांची झाली, एकही मैत्रीण तिने घरी आणली नाही. मधल्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली तिची, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. बँकेचं होकाराचं पत्र आलं होतं. राहिलं होतं फक्त व्हिटासचं हो म्हणणं, आणि व्हिटास लहानपणी डोलनच्याच अंगणात वाढलेला.

"एफ्राईन सांगेल," गिर्माय म्हणाला. "त्याच्या तोंडून येऊ दे. आपण बोट दाखवायचं नाही."

"का? तुझ्या गावात दाखवत नाहीत म्हणून?"

"हो, म्हणून."

त्याच्या गावात भांडण मिटवायला म्हातारे झाडाखाली बसत. आरोप कुणी करायचा नाही. ज्याचं नुकसान झालं त्याने मान खाली घालून गप्प बसायचं, आणि ज्याने केलं त्याने आपण होऊन तोंड उघडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. जो गप्प बसला तो मोठा. गिर्मायचे आजोबा अशा बैठकीत पुढे बसत, आणि ते त्याच्या रक्तातच मुरलंय.

"ते गाव होतं, गिर्माय. इथे मान खाली घातली की लोक म्हणतात, हाच तो चोर."

पण हा ऐकेल तर शपथ. त्याने कामावर खाडा केला आणि मीठ, हातोडी, फावडं घेऊन बर्फ फोडायला गेला. मी मदतीला गेले. थोड्या वेळाने डोलन बाहेर आला, हातात कॉफीचा मग.

"तुला इथे किती वर्षं झाली रे?"

"नऊ, मिस्टर डोलन."

"मग?"

गिर्मायने हातोडी खाली ठेवली. "चूक झाली. माफ करा."

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. आजही मला त्या मिटलेल्या तोंडाचा राग येतो.

"माझा पोरगा रात्रभर आगीशी झुंजून पहाटे घरी आला," डोलन म्हणाला. "त्याच्यासाठी ठेवलेली जागा ही. त्याला गाडी कुठे लावावी लागली माहीत आहे? पार चर्चपलीकडे. मी या गल्लीत तुझी बाजू घेतली होती, गिर्माय. लोक काय काय म्हणत होते, मी म्हटलं, नाही, हा माणूस वेगळा आहे. पण तुम्हा लोकांना एकदा जवळ केलं की..." पुढचं त्याने कॉफीबरोबर गिळलं.

तुम्ही लोक! कालपर्यंत गिर्माय होता, एका खुर्चीपायी 'तुम्ही लोक' झाला. या 'तुम्ही लोकां'त कोण कोण येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. अस्मारात आम्ही काळे नव्हतो, आम्ही नुसते आम्ही होतो. काळे आम्ही इथे विमानातून उतरल्यावर झालो.

तेवढ्यात एफ्राईन अवजारांची पिशवी घेऊन इमारतीतून बाहेर पडला. गिर्माय गुडघ्यावर बसून चाकाखालचा बर्फ फोडत होता. "गुड मॉर्निंग, मिस्टर डोलन," एफ्राईन म्हणाला आणि पुढे गेला. लाल ट्रक तोवर नाहीसा झाला होता.

"बघितलंस?" मी म्हणाले.

"त्याला लाज वाटतेय. लाज वाटणारा माणूस बोलतो, लेते. तू बघच."

रविवारी ओनाबाईंच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी केक घेऊन गेले होते. मारिबेलने मक्याच्या पानातले तामाले आणले होते. डोलन नवराबायको कोचावर, ओनाबाई मधल्या खुर्चीत डोक्याला कागदी टोपी घालून, आणि व्हिटास दारापाशी उभा. गिर्मायने तोच सांत्वनाला घातलेला कोट घातला होता. त्याच्याकडे कोट एकच आहे. तो एफ्राईनच्या समोर बसला आणि त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत राहिला की मलाच बघवेना.

मेणबत्त्या विझल्या, केक वाटून झाला. व्हिटासने घसा साफ केला. "आईने घराचं तुम्हाला सांगितलंच आहे. आईची इच्छा मला मोडायची नाही. पण गल्लीत परवा गाडीवरून काहीतरी झालं म्हणे?"

"जाऊ दे ना, व्हिटास," डोलन म्हणाला. "माझ्या मनात रंगबिंग काही नाही, तुला ठाऊक आहे. माणूस कुठलाही असो. पण गल्लीची एक रीत असते. ज्याला भाडेकरू असताना रीत कळली नाही, त्याला मालक झाल्यावर कळणार आहे का? एवढंच माझं म्हणणं."

"गिर्माय, तुझं काय म्हणणं?"

गिर्मायने मान खाली घातली. "मी माफी मागितली आहे," तो म्हणाला, आणि थांबला. सगळ्यांना वाटलं याचं बोलणं संपलं. मला एकटीला माहीत होतं की हा थांबून राहिलाय. त्याच्या आजोबांच्या झाडाखाली बसून हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

"एफ्राईन," व्हिटास म्हणाला, "तू तर यांच्या वरच राहतोस. तुमचं चांगलं जमतं. नक्की काय झालं?"

खोलीत सगळे एफ्राईनकडे बघायला लागले. त्याने कपातल्या कॉफीत चमचा फिरवला. साखर केव्हाच विरघळली असणार.

"मी सांगितलं होतं त्याला," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, गिर्माय, इथे लोक खुर्चीच्या बाबतीत फार कडक आहेत. मी सांगितलं होतं."

माझ्या कानशिलात भडकन आग पेटली. "खोटारड्या!" मी उठलेच. "गाडी तुझ्याकडे होती! किल्ली तुझ्याकडे होती! तुझ्या सासूला घेऊन..."

"किल्ली मी रात्री दहालाच परत केली होती," एफ्राईन म्हणाला. माझ्याशी नाही, व्हिटासशी. "तेव्हा गाडी तिच्या जागेवर होती. लेटी बिचारी गोंधळली आहे. थकते ती, दोन-दोन पाळ्या करते." लेते या गल्लीच्या जिभेवर लेटी होते.

"गिर्माय, सांग यांना! सांग ना!"

गिर्मायने माझं मनगट धरलं. त्याचा हात गार पडला होता. तो एफ्राईनकडेच बघत होता, अजूनही. मला वाटतं त्याला अजूनही वाटत होतं, हा आता बोलेल, आता बोलेल. मारिबेल मांडीवरच्या बशीत बघत बसली होती. तिला सगळं माहीत होतं. एकाच बाईची, माझीच, जीभ त्या खोलीत सैल होती, आणि माझं इंग्रजी रागात मोडतं.

"बरं, बरं, आईचा वाढदिवस आहे आज," व्हिटास म्हणाला. "आपण नंतर बोलू."

नंतर कसलं बोलतोय! सगळे कोट चढवायला लागले. मी बशा गोळा करत होते. दारात डोलन एफ्राईनपाशी थांबला.

"तुझ्या सासूबाई आता कशा आहेत? त्या रात्री अगदीच वाकून चालत होत्या बिचाऱ्या. गाडीतून उतरताना तुला दोन्ही हातांनी धरावं लागलं."

एफ्राईनचं तोंड पांढरंफटक पडलं. माझ्या हातातली बशी तशीच राहिली. म्हातारी गाडीतून उतरली ती डोलनच्या दारात, आमच्या गाडीतून, एफ्राईनने खुर्च्या भिरकावल्यानंतर. ते डोलनने बघितलं होतं. गाडी कुणी लावली हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने नळी बाहेर काढली, आणि ठाऊक असून सकाळी कॉफीचा मग घेऊन गिर्मायकडून माफी मागून घेतली.

"मिस्टर डोलन," मी म्हणाले, "त्या रात्री तुम्ही खिडकीत होता?"

"मी रोजच खिडकीत असतो, लेटी," तो शांतपणे म्हणाला. "गल्लीवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" आणि त्याने एफ्राईनच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, माझ्या पायरीच्या फरश्या सुटल्यात, तेवढ्या बघून जा."

दोघं बरोबर खाली गेले.

घरी आल्यावर गिर्माय कोट न काढता पलंगाच्या काठावर बसला. मी म्हणाले, "ऐकलंस ना? डोलनला सगळं..."

"मी बहिरा नाही, लेते."

"मग चल, व्हिटासला आत्ता गाठू. अजून गेला नसेल."

"काय सांगू त्याला? डोलन म्हणेल, मी बघितलं नाही. एफ्राईन म्हणेल, मी लावली नाही. आणि मी माफी मागितली आहे, ते तर सगळ्यांनी ऐकलं." तो बुटांची नाडी सोडायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. "डोलनचं मला काही वाटत नाही. तो मला कधी आपला म्हणालाच नव्हता."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नऊ वर्षांत दोनदाच मी या माणसाला रडताना बघितलंय. पहिल्यांदा त्याची आई गेल्याचा फोन आला तेव्हा.

पुढचं अपेक्षेप्रमाणेच झालं. ओनाबाई स्वतः कठडा धरत तळघरात उतरल्या. "पोरा, मुलगा म्हणतो की गल्लीशी वैर घेऊन घर विकायचं नाही. एफ्राईन कुटुंबवत्सल आहे, चर्चला येतो, सगळे त्याला ओळखतात, म्हणून घर त्याला... मी म्हातारी, माझं कोण ऐकतं?" त्या रडायला लागल्या, आणि आमचा हा धर्मराज त्यांना पाणी देऊन समजावत बसला. वर सोडायला गेला, आणि येताना त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकून आला. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

मारिबेल एकदा धुण्याच्या खोलीत भेटली. मी यंत्रातून धुतलेले कपडे काढत होते. ती म्हणाली, "लेटी, त्याला झोप लागत नाही ग. तो म्हणतो, इथे राहायचं तर कुणाच्या तरी बाजूला उभं राहावंच लागतं. आम्हाला दोन मुलं आहेत."

"झोप लागत नसेल तर खिडकीत बस म्हणावं डोलनसारखं," मी म्हणाले. "आता तोही मालक होणार आहे."

सेमहारने भिंतीवर चिकटवलेलं वरच्या खोलीचं चित्र एक दिवस नुसतं काढून टाकलं. तेच मला जास्त लागलं. गिर्माय कामावर जात होता, येत होता. एफ्राईन जिन्यात दिसला तर हा मान हलवायचा. मला वाटायला लागलं, या माणसाला राग नावाची वस्तू देवाने दिलेलीच नाही. हा तेही गिळणार.

मार्चमध्ये एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि दारावर टकटक झाली. एफ्राईन होता. हातात मिठाईचा खोका, अंगात नवा शर्ट.

आमच्यात जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला 'ये, बस' म्हणावंच लागतं, मग तो वैरी का असेना. "ये," गिर्माय म्हणाला. "बस."

एफ्राईनचा जीव भांड्यात पडला. तो खुर्ची ओढून बसला आणि भडाभडा बोलायला लागला. "आज सह्या झाल्या, भावा. म्हटलं, पहिल्यांदा तुलाच सांगावं. काही बदलणार नाही बघ. तुम्ही इथेच राहा, भाडं तेच. खिडकीची काच बदलून देतो. डोलनलाही मी सांगितलंय, म्हटलं, हे चांगले लोक आहेत, यांची जबाबदारी माझी."

मी उठून त्याच्या नव्या शर्टावर रस्सा ओतणार होते, देवाशपथ. पण गिर्माय शांतपणे ऐकत होता.

"आम्ही महिनाअखेर जातोय," तो म्हणाला. "उत्तरेकडे जागा बघितली आहे."

"जाताय? का? अरे, आपण भाऊ..."

"जेवून घे आधी."

एफ्राईनने हात पुढे केला. आमचं ताट एकच असतं, मोठं, टेबलाच्या मधोमध, त्यावर इंजेरा, आमची आंबवलेली मोठी भाकरी, पसरलेला आणि वर रस्सा. सगळ्यांनी आपापल्या बाजूने तोडून खायचं. या टेबलाशी तो कितीदा जेवला याचा हिशेब नाही. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला घास तोडता येत नव्हता, म्हणून गिर्मायने स्वतःच्या हाताने त्याला भरवलं होतं. आमच्यात असा घास ज्याला दिला तो घरचा झाला, मग त्याला परका म्हणायचं नाही. हे एफ्राईनला ठाऊक होतं. तो ते लोकांना कौतुकाने सांगायचा.

"सेमहार," गिर्माय म्हणाला, "पाहुण्यांना ताट आण."

सेमहार गोंधळली. "ताट? कुठलं?"

"वेगळं. वरच्या फळीवरचं. आणि काटा आण."

एफ्राईनचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो हळूच मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. सेमहारने पांढरी बशी आणून पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली, शेजारी काटा ठेवला. गिर्मायने स्वतः वाढलं. इंजेरा वाढला, रस्सा वाढला, आमच्या वाट्याचे चांगले मटणाचे तुकडे निवडून त्याला वाढले. काही कमी ठेवलं नाही.

"गिर्माय," एफ्राईन म्हणाला. "गिर्माय, ऐक ना."

"जेव. गार होईल."

आम्ही तिघांनी आमच्या ताटातून खायला सुरुवात केली. गिर्मायने एक घास करून सेमहारला भरवला, एक मला. शेवटी एफ्राईनने काटा उचलला. इंजेरा काट्याने खाता येत नाही, मऊ असतो, सारखा घसरतो. तरी तो काट्यानेच खात राहिला, आणि बशीतलं सगळं संपवून मगच उठला.